पामतेलाचा हरवलेला रंग

चेन्नईत रेशनच्या दुकानातून पंचवीस रुपयांना लिटरभर पामतेल मिळते. मैलापूरच्या एका ओळखीच्या घरी ओट्यावर ती पिशवी पाहिली, तेव्हा आधी नजरेत भरले ते तेलाचे फिकटपण. आपल्या शेंगदाणा तेलाइतकेच पिवळे, फार तर जरासे गडद. पिशवीवर पोषणमूल्य वाढवल्याचे ‘प्लस एफ’ चिन्ह होते आणि जीवनसत्त्व अ व ड मिसळल्याची नोंद.

गंमत अशी की हे तेल मुळात फिकट नसतेच. पामच्या फळातून निघालेले कच्चे तेल शेंदरी-तांबडे असते, रश्शावर तरंगणाऱ्या तर्रीसारखे. तो रंग कॅरोटीनचा. किलोभर कच्च्या तेलात ५०० ते ७०० मिलिग्रॅम कॅरोटीन-वर्गातली द्रव्ये असतात आणि त्यांतल्या बऱ्याचशा द्रव्यांपासून आपले शरीर जीवनसत्त्व अ तयार करते. कारखान्यात रंग शोषणारी माती आणि दोनशे अंशांपुढची उष्णता यांतून तेल गेले की तो रंग उडतो. गिऱ्हाइकाला तांबडे तेल आवडत नाही, म्हणून आधी रंग काढायचा. मग रंगाबरोबर गेलेले जीवनसत्त्व बाजारातून विकत आणून परत तेलात घालायचे आणि पिशवीवर तसे अभिमानाने छापायचे.

याच शहरात नव्वद वर्षांपूर्वी तेच तांबडे तेल औषध म्हणून मुलांना पाजले गेले होते.

एळुंबूर, म्हणजे इंग्रजांचे एग्मोर, तिथले सरकारी नेत्ररुग्णालय जगातल्या सर्वांत जुन्या नेत्ररुग्णालयांपैकी एक आहे. लंडनचे मूरफील्ड्स १८०५चे, मद्रासचे १८१९चे. आधी ते रायपेट्टात होते, १८८४ मध्ये आजच्या जागी आले. (रुग्णालय निघाले त्याच काळात तिकडे तंजावरात आपले सरफोजीराजे धन्वंतरी महालात डोळ्यांच्या रोग्यांची टिपणे चित्रांसह लिहवून घेत होते. लहानपणी काही वर्षे मद्रासेत शिकलेल्या या मराठी राजाचे ते कागद सरस्वती महाल ग्रंथालयात आहेत. तो स्वतंत्र लेखाचा विषय.) विसाव्या शतकाच्या तिसऱ्या-चौथ्या दशकांत एग्मोरच्या रुग्णालयाचे प्रमुख होते कर्नल आर. ई. राइट. मोतीबिंदू, काचबिंदू हे तर नेहमीचेच. पण त्यांना अस्वस्थ केले ते एका वेगळ्याच आजाराने. गरिबाघरची दोन-तीन वर्षांची मुले यायची. पोट बिघडलेले, अंगावर मांस नाही, आणि बुबुळावरचा काचेसारखा पडदा मऊ पडून अक्षरशः विरघळत चाललेला. या अवस्थेला वैद्यक केरॅटोमलेशिया म्हणते. एकदा इथवर आले की काही दिवसांत, कधी काही तासांतच, डोळा हातचा जातो. राइट यांनी १९२२ मध्ये ‘दक्षिण भारतातील केरॅटोमलेशिया’ या विषयावर ब्रिटिश नेत्रवैद्यकाच्या नियतकालिकात निबंध लिहिला.

पांढऱ्या भातावर आणि कांजीवर वाढणारी, दूध तुटलेली मुले ही या आजाराची ठरलेली शिकार. भात पोट भरतो, पण पांढऱ्या तांदळात जीवनसत्त्व अ जवळपास शून्य. त्यावर उतारा म्हणजे माशाच्या यकृताचे तेल, कॉडलिव्हर. ते परदेशातून यायचे आणि गरीब बापाला परवडायचे नाही. निलगिरीतल्या कुन्नूरच्या पोषण-संशोधन प्रयोगशाळेचे संचालक डब्ल्यू. आर. एक्रॉइड आणि राइट यांनी मिळून कच्च्या तांबड्या पामतेलाचा प्रयोग केला. ते गुणकारी ठरल्याचा त्यांचा निबंध १९३७ मध्ये ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च’मध्ये छापून आला. कुन्नूरची ती प्रयोगशाळा १९१८ मध्ये रॉबर्ट मॅक्कॅरिसन यांनी बेरीबेरीच्या चौकशीसाठी सुरू केली होती. पुढे १९५८ मध्ये ती हैदराबादला गेली आणि आज राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून ओळखली जाते.

आता डोळ्याच्या आत काय चालते ते पाहू.

तमिळमध्ये रातांधळेपणाला ‘मालैक्कण्’ म्हणतात. मालै म्हणजे संध्याकाळ, कण् म्हणजे डोळा. संध्याकाळचा डोळा! आपल्या शब्दात रात्र आहे, त्यांच्यात संध्याकाळ, आणि मला त्यांचा शब्द जास्त नेमका वाटतो. कारण हा आजार मिट्ट काळोखात कळत नाही, तिथे सगळेच आंधळे. तो कळतो दिवेलागणीला, जेव्हा बाकीची पोरे अजून अंगणात धावत असतात आणि एकच पोर भिंतीला धरून बसते, आईचा पदर सोडत नाही.

मैलापूरच्या कपालीश्वराच्या देवळात भर दुपारी पटांगणातून गाभाऱ्याकडे गेलात तर काही क्षण समईच्या ज्योतीशिवाय काही दिसत नाही. मग हळूहळू देव दिसतो, पुजाऱ्याचा चेहरा दिसतो, खांबावरचे कोरीवकाम दिसते. या मधल्या मिनिटांत तुमच्या डोळ्यात रसायन नव्याने भरले जात असते. प्रत्येक डोळ्याच्या पडद्यात बारा कोटींच्या आसपास दंडपेशी आहेत. त्या अंधुक उजेडात काम करतात. त्यांच्यात ऱ्होडॉप्सिन नावाचे जांभळट द्रव्य असते. ते बनते एका प्रथिनापासून आणि रेटिनॅल नावाच्या छोट्याशा रेणूपासून. हा रेणू म्हणजे जीवनसत्त्व अ-चेच एक रूप. अंधारात तो वाकलेला असतो. प्रकाशाचा एक कण आदळला की झटक्यात सरळ होतो, प्रथिनाचा आकार बदलतो आणि मेंदूकडे निरोप जातो. दिसणे म्हणतात ते एवढेच. सरळ झालेला रेणू परत वाकवून पुन्हा बसवावा लागतो आणि त्या फेऱ्यात थोडी गळती होतच राहते. ती गळती रक्तातून येणाऱ्या जीवनसत्त्वाने भरून निघते. साठा संपला की गाभारा दिसतच नाही. जॉर्ज वॉल्ड यांना १९३३ मध्ये डोळ्याच्या पडद्यात जीवनसत्त्व अ सापडले आणि या सगळ्या शोधमालिकेबद्दल १९६७ चे नोबेल मिळाले.

साठा असतो यकृतात. शरीरातल्या जीवनसत्त्व अ-चा मोठा भाग तिथेच असतो. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात नक्तांध्यावर बोकडाचे यकृत खायला सांगितले आहे, जुन्या इजिप्तच्या वैद्यकातही यकृतच आहे. जीवनसत्त्व हा शब्दही जन्मायचा होता, तेव्हा या लोकांनी नेमके कोठार हुडकले. १९१३ मध्ये अमेरिकेत मॅकॉलम व डेव्हिस यांनी लोण्यात आणि अंड्याच्या बलकात वाढीला लागणारा काहीतरी घटक आहे हे उंदरांवर दाखवले, तो हाच.

डोळ्याचा हा भाग ठसठशीत आहे म्हणून लोकांच्या लक्षात राहतो. पण जीवनसत्त्व अ-चे मोठे काम दुसरेच आहे, आणि तिथे आपण सगळेच गाफील राहिलो.

आपल्या शरीराला आतून जे अस्तर आहे, म्हणजे घसा, फुप्फुसाच्या नळ्या, आतडे, मूत्रमार्ग, डोळ्याची पापणी आणि बुबुळ यांवरचे ओलसर आवरण, त्याच्या पेशी सतत झडतात आणि नव्या येतात. नव्या पेशीने ओले, मऊ, चिकट राहायचे की कातडीसारखे कोरडे व्हायचे, हे ठरवण्यात जीवनसत्त्व अ-पासून बनणारे रेटिनॉइक आम्ल महत्त्वाचे असते. ते थेट पेशीच्या केंद्रकात जाऊन जनुके चालू-बंद करते. ते कमी पडले की अस्तर कोरडे पडते. डोळ्यात ते दिसते: पांढऱ्या भागावर साबणाच्या फेसासारखे ठिपके येतात. बिटॉट या फ्रेंच डॉक्टरने १८६३ मध्ये त्यांचे वर्णन केले. मग बुबुळ कोरडे होते आणि शेवटी राइट यांच्या वॉर्डातली ती अवस्था येते. पण जे डोळ्यावर दिसते तेच आतड्यात आणि छातीतही घडत असते, आणि ते कुणी पाहत नाही. जुलाब आणि गोवर यांना दार उघडे मिळते. गोवर तर उलट उरलेसुरले जीवनसत्त्वही संपवतो. म्हणूनच गोवर झालेल्या मुलाला लागोपाठ दोन दिवस जीवनसत्त्व अ-चे डोस द्यायची जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे.

इंडोनेशियात आल्फ्रेड सॉमर या नेत्रतज्ज्ञाच्या हे ध्यानात आले. रातांधळी मुले पुढे आंधळी होण्याआधीच मरतात! त्यांनी सुमात्राच्या आचे भागात मोठी चाचणी केली. १९८६ मध्ये निकाल आला: दर सहा महिन्यांनी मोठा डोस दिलेल्या गावांत बालमृत्यू ३४ टक्क्यांनी कमी. अनेकांचा विश्वास बसेना.

मग आली तमिळनाडूची चाचणी. तिरुचिरापल्ली जिल्ह्यात मदुरैच्या अरविंद नेत्ररुग्णालयाच्या लक्ष्मी रहमतुल्ला आणि सहकाऱ्यांनी १५,४१९ लहान मुलांवर वर्षभर काम केले. इथला डोस वेगळा होता. सहा महिन्यांतून एकदा मोठा नव्हे, तर दर आठवड्याला ८,३३३ युनिट, म्हणजे मुलाने आठवडाभर नीट जेवले असते तर जेवढे मिळाले असते साधारण तेवढेच. गावातल्या स्वयंसेविका दर आठवड्याला दारोदार जाऊन ते चमच्याने देत. निकाल १९९० मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ मध्ये छापला गेला: मृत्यू ५४ टक्क्यांनी कमी. मला या विषयातला हा सर्वांत महत्त्वाचा आकडा वाटतो, आणि तो मोठा आहे म्हणून नव्हे. औषधाच्या मात्रेने जे साधते ते जेवणाच्या मात्रेनेही साधते, आणि कदाचित अधिक चांगले, हे त्यातून दिसले.

भारताचा सरकारी कार्यक्रम मात्र मोठ्या मात्रेचा. तो १९७० मध्ये सुरू झाला. आपल्याकडच्या आशाताई आणि अंगणवाडीच्या ताई चमच्याने पाजतात ते पिवळे गोड औषध हेच. नवव्या महिन्यात गोवराच्या लसीबरोबर एक लाख युनिट, पुढे पाच वर्षांचे होईपर्यंत दर सहा महिन्यांनी दोन-दोन लाख. एकूण नऊ डोस, सतरा लाख युनिट. यकृताचे कोठार मोठे असल्यामुळेच हे जमते. एकदा भरले की काही महिने पुरते.

हैदराबादच्या ज्या संस्थेत या मोठ्या मात्रेची पारख झाली तिचे संचालक होते डॉ. सी. गोपालन. जन्म सेलमचा, वैद्यकीय शिक्षण मद्रासचे. पुढे हेच गोपालन सरसकट सगळ्या मुलांना मोठे डोस देत राहण्याचे सर्वांत कडवे विरोधक झाले. त्यांचे म्हणणे असे की डोळा वितळवणारा आजार ओसरला आहे, आता डोसच्या नावाखाली भाजी, दूध आणि अंडी हा मूळ प्रश्न झाकला जातो. शंभर वर्षे जगून ते २०१९ मध्ये गेले, आणि शेवटपर्यंत त्यांनी हे मत सोडले नाही. त्यांना बळ देणारा एक निकाल उत्तर प्रदेशातून आला. सुमारे दहा लाख मुलांवरच्या तिथल्या चाचणीत (निकाल २०१३) मोठ्या डोसचा मृत्यूवर ठळक परिणाम दिसला नाही. डोसच्या बाजूचे लोक त्या चाचणीच्या अंमलबजावणीकडे बोट दाखवतात. वाद मिटलेला नाही. २०१६ ते १८ च्या राष्ट्रीय पाहणीत एक ते चार वर्षांच्या १८ टक्के मुलांच्या रक्तात हे जीवनसत्त्व कमी आढळले. राइट यांच्या काळाच्या मानाने हे कमी, पण संपले असे म्हणण्याजोगे नाही. माझे मत विचाराल तर ज्या तालुक्यात मुलांना भाजी-अंडे मिळत नाही तिथे डोस हवाच, आणि ज्या तालुक्यात मिळते तिथे त्याच पैशांत अंडी द्यावीत.

आता भाजीकडे. मैलापूरच्या त्या घरी सकाळी सातला कीरैवाली येते. कीरै म्हणजे पालेभाजी, आणि तमिळ माणसाला पालेभाजीचे जेवढे प्रकार ठाऊक असतात तेवढे पुण्या-मुंबईच्या मंडईत आता उरले नाहीत. मुरुंगैक्कीरै म्हणजे शेवग्याचा पाला. अगत्तिक्कीरै म्हणजे आपला हादगा. आपण त्याची फुले खातो, ते पाने खातात. एकादशीच्या उपासानंतर द्वादशीच्या पारण्याला अगत्तीची भाजी हवीच, असा अनेक घरांत नेम आहे. पोन्नांगण्णी नावाच्या भाजीचा लोक असा अर्थ लावतात: ‘पोन् आगुम् काण् नी’, (अंग) सोन्याचे होईल, बघ तू! ही भाजी डोळ्यांना चांगली, असे कीरैवालीही सांगते. जीवनसत्त्व तिला ठाऊक नाही, पण गिऱ्हाईक ठाऊक आहे.

आपल्याकडे डोळ्यांसाठी काय खावे असे विचारले की उत्तर एकच येते: गाजर. गाजर वाईट नाही. पण राष्ट्रीय पोषण संस्थेच्या जुन्या तक्त्यात पाहा: १०० ग्रॅम गाजरात १,८९० मायक्रोग्रॅम कॅरोटीन, शेवग्याच्या पाल्यात ६,७८०, कोथिंबिरीत ६,९१८, आणि कढीपत्त्यात ७,५६०! कढीपत्ता आपण फोडणीत घालतो आणि ताटाच्या कडेला काढून ठेवतो. तमिळमध्ये काम झाल्यावर ज्याला बाजूला सारले जाते त्याला करुवेप्पिलैची उपमा देतात, म्हणजे कढीपत्त्याची. आकडे पाहिल्यावर ती उपमा जास्तच झोंबते. अर्थात मूठभर कोथिंबीर कुणी खात नाही. शेवग्याचा पाला मात्र वाटीभर खाता येतो. कोकणात गोकुळाष्टमीला शेगलाची, म्हणजे याच पाल्याची, भाजी करतातच. ती एका दिवसापुरती का असावी?

इथे एक मेख आहे. पानातले कॅरोटीन म्हणजे तयार जीवनसत्त्व नव्हे, कच्चा माल. पूर्वी समजत होते की सहा भाग कॅरोटीनमागे एक भाग जीवनसत्त्व मिळते. अमेरिकेच्या तज्ज्ञांनी २००१ मध्ये तो आकडा बारावर नेला. पाने चिवट असतात, कॅरोटीन त्यांच्या पेशींत अडकलेले असते. शिजवले, बारीक चिरले, आणि वर तेल-तूप घातले तर ते सुटते. तेलाशिवाय ते आतड्यातून फारसे आत जात नाही. म्हणून कच्ची कोशिंबीर खाऊन डोळे सुधारतील अशी आशा करण्यापेक्षा तेलाच्या फोडणीची पालेभाजी बरी. बाळाच्या मऊ भातावर तूप घालायची आजीची सवय याच कारणाने शहाणपणाची होती. पामतेलाच्या जुन्या प्रयोगाचे मर्मही हेच: कॅरोटीन आणि त्याला आत नेणारे तेल दोन्ही एकाच चमच्यात. आजच्या पिशवीत दर ग्रॅमला ६ ते ९.९ मायक्रोग्रॅम जीवनसत्त्व मिसळायचा नियम आहे. ते उजेडाला आणि उष्णतेला नाजूक असते, म्हणून तीच कढई चार वेळा भज्यांसाठी तापवली तर त्यातले फारसे हाती लागत नाही.

उलट बाजूही सांगायला हवी. भाजीतले कॅरोटीन कितीही खाल्ले तरी फार तर तळहात पिवळे होतात. तयार जीवनसत्त्वाचे तसे नाही. ते यकृतात साठत जाते आणि जास्त झाले तर विषारी ठरते. गरोदर बाईने दिवसाला तीन हजार मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त घेतले तर गर्भाला इजा होण्याचा धोका असतो. मुरुमांवर देतात ती आयसोट्रेटिनॉइन याच कुळातली गोळी. ती गरोदरपणात पूर्ण वर्ज्य.

भाजी पिकवण्याच्या बाबतीत चेन्नईच्या तारामणी भागातले एम. एस. स्वामीनाथन संशोधन प्रतिष्ठान, स्थापना १९८८, आपल्याही कामाचे ठरले. पिकांतून पोषण या कल्पनेवर त्यांनी काम केले त्या दोन जिल्ह्यांपैकी एक ओडिशातला कोरापुट, तर दुसरा आपला वर्धा. कापूस-सोयाबीनच्या त्या गावांत घराशेजारच्या परसबागेत पालेभाज्या लावून घेतल्या. विदर्भातल्या शेतकऱ्याला चेन्नईने परसबाग आठवून द्यावी, हे मला थोडे लाजिरवाणे वाटते.

राहिले अंडे. अंड्यात तयार जीवनसत्त्व असते, बारा भागांचा हिशेब नाही, आणि पचवायला लागणारी चरबी बलकातच. एका अंड्यात साधारण ८० मायक्रोग्रॅम, तर तीन वर्षांच्या मुलाची दिवसाची गरज ४०० च्या आसपास. ते शाळेच्या ताटात कसे आले? मद्रास महापालिकेने १९२० मध्ये थाउजंड लाइट्सच्या शाळेत मुलांना जेवण द्यायला सुरुवात केली. मुख्यमंत्री कामराजांनी १९५६ मध्ये ते राज्यभर नेले, एम. जी. रामचंद्रन यांनी १९८२ मध्ये त्याला आजचे मोठे रूप दिले. १९८९ मध्ये करुणानिधींच्या सरकारने पंधरवड्याला एक अंडे ताटात आणले, आणि २०१० पासून शाळेच्या प्रत्येक दिवशी अंडे आहे. महाराष्ट्राने २०२३ च्या अखेरीस शाळेत आठवड्याला एक अंडे द्यायचे ठरवले आणि जानेवारी २०२५ मध्ये त्याचे सरकारी पैसे बंद केले. शाळांनी लोकवर्गणीतून अंडी आणावीत, असे सांगितले. तमिळनाडूत अजून आठवड्याला पाच मिळतात.